मायलोमाच्या पेशींवर प्रतिजने असतात, मग प्रतिकारपेशी त्यांना संपवत का नाहीत?

सांजवात:

माझ्या थोरल्या बहिणीला मल्टिपल मायलोमा आहे. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रतिजन (प्रतिकारपेशी ओळखतात ती खूण), प्रतिपिंड (त्या खुणेला चिकटणारे प्रथिन), टी पेशी या संकल्पना मला अपरिचित नाहीत. तरीही या आजाराविषयी जसजसे वाचत गेले, तसतसा एक विरोधाभास अधिकाधिक खटकू लागला. पाठ्यपुस्तकांत त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. ज्या पेशींनी प्रतिपिंडे तयार करून शरीराचे रक्षण करायचे, त्यांच्यापैकीच एका पेशीची वंशावळ बेबंद वाढते आणि एकाच साच्याचे एम-प्रथिन रक्तात सोडत राहते. त्याच अस्थिमज्जेत टी पेशी, बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी, पेशी गिळणारे मॅक्रोफेज आणि टी पेशींपुढे प्रतिजन मांडणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही वावरत असतात, म्हणजे हा आजार प्रतिकारयंत्रणेच्या माहेरघरातच वाढतो. असे असताना या पेशींना तो ओळखू का येत नाही? एम-प्रथिन प्रत्येक रुग्णात वेगळे असते, तर मग तेच सर्वांत नेमके ट्यूमर प्रतिजन का ठरू नये? दुसरीकडे, पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या बीसीएमए या प्रथिनावर आजचे बहुतेक नवे उपचार रोखलेले आहेत, ते तर निरोगी प्लाझ्मा पेशींवरही असते. मग त्याला ट्यूमर प्रतिजन कोणत्या अर्थाने म्हणायचे?

शिवाय मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात पीडी-१ हा टी पेशींवरील रेणू रोखणाऱ्या औषधांनी त्या पेशींवरचा ब्रेक सुटतो आणि अनेक रुग्णांत गाठी वितळतात, असे वाचले. मायलोमात मात्र ही औषधे वापरात का दिसत नाहीत, हे कोणी उलगडून सांगितल्यास मी ऋणी राहीन.

बहावा:

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे केवळ प्रतिजनांच्या बाजूविषयी लिहितो.

सर्वप्रथम एक भेद मनात पक्का करावा लागतो. ज्या प्रतिजनाला पाहून शरीराची स्वतःची टी पेशी चवताळते ते प्रतिजन वेगळे, आणि ज्याचा उपयोग आपण औषधाचा नेम धरण्यासाठी करतो ते वेगळे. दोन्हींना ट्यूमर प्रतिजन म्हटले जाते आणि तेथूनच पुष्कळ गोंधळ सुरू होतो. बीसीएमए, जीपीआरसी५डी, एफसीआरएच५, सीडी३८, एसएलएएमएफ७ आणि सीडी१३८ ही सारी दुसऱ्या प्रकारात मोडतात. ती प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावरची सर्वसाधारण प्रथिने आहेत. बीसीएमएचे निरोगी शरीरातील काम म्हणजे एप्रिल आणि बॅफ या प्रथिनांकडून संकेत घेऊन दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींना अस्थिमज्जेत जिवंत ठेवणे. शरीराला ते जन्मापासून परिचित असते, त्याच्याविरुद्ध तीव्रपणे उठणाऱ्या टी पेशी थायमस या टी पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतच छाटल्या जातात किंवा पुढे निष्प्रभ केल्या जातात. म्हणून बीसीएमए पेशीवर कितीही ठळक असले तरी त्यामुळे नैसर्गिक हल्ला होण्याचे कारण नाही. ते ट्यूमरचे आहे असे म्हणण्यापेक्षा प्लाझ्मा पेशींच्या वंशाचे आहे असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

आता एम-प्रथिनाकडे येऊ. प्रत्येक प्रतिपिंडाच्या टोकाशी असलेला बदलता भाग, ज्याला इडिओटाइप म्हणतात, तो त्या वंशावळीचा स्वतःचा असतो आणि कोणत्याही अन्य पेशीवर आढळत नाही. त्यामुळे आपला तर्क बरोबर आहे: तत्त्वतः यापेक्षा नेमके लक्ष्य मिळणे कठीण. इडिओटाइपवर आधारित लशींचे प्रयोग मायलोमातही झाले, आणि काही रुग्णांत त्याविरुद्ध टी पेशी जाग्या झाल्याचे दिसलेही. पण दोन अडचणी सतत आडव्या आल्या. एक तर हे प्रथिन रक्तात प्रचंड प्रमाणात फिरत असते, आणि जे प्रतिजन दीर्घकाळ, भरपूर आणि कोणत्याही धोक्याच्या संकेताविना समोर येत राहते त्याच्याविषयी प्रतिकारयंत्रणा सहनशील होते. दुसरे असे की मायलोमाची पेशी प्रतिपिंड मुख्यतः बाहेर सोडून देते. बी पेशीच्या लिंफोमात तेच प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले असते, येथे मात्र पृष्ठभागावर ते फारच कमी उरते. म्हणजे इडिओटाइपला चिकटणारे प्रतिपिंड जरी आपण तयार केले, तरी ते पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच रक्तातील एम-प्रथिनाला चिकटून वाया जाईल.

तिसरा गट पेशीच्या आतल्या प्रथिनांचा आहे. त्यांचे तुकडे एचएलए रेणूंच्या खोबणीत बसून पृष्ठभागावर मांडले जातात आणि टी पेशी ते वाचते. एनवाय-ईएसओ-१ आणि मेज कुळातील प्रथिने ही त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासली गेलेली उदाहरणे आहेत. प्रौढ शरीरात ती जवळजवळ केवळ वृषणाच्या जननपेशींत आढळतात, आणि त्या पेशींवर नेहमीचे एचएलए रेणू नसल्याने टी पेशी तेथे हल्ला करू शकत नाहीत. मायलोमा पुढच्या टप्प्यात गेला की ही प्रथिने अधिक वेळा दिसू लागतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एनवाय-ईएसओ-१ ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) बसवलेल्या टी पेशी २० रुग्णांना स्वतःच्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणानंतर देण्यात आल्या आणि १६ जणांत आशादायक प्रतिसाद दिसला. मात्र असा ग्राहक विशिष्ट एचएलए प्रकार असलेल्या रुग्णांनाच उपयोगी पडतो, आणि प्रत्येक मायलोमा पेशी हे प्रथिन तयार करतेच असे नाही.

राहता राहिली उत्परिवर्तनातून जन्मलेली नवी प्रतिजने. मेलानोमात सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे डीएनएची मोठी हानी झालेली असते आणि अशा नव्या प्रतिजनांची रेलचेल असते. मायलोमात उत्परिवर्तनांचा भार त्या मानाने बराच कमी आहे, त्यामुळे टी पेशींना खरोखर परके वाटावे असे फारसे काही हाती लागत नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

निर्झर:

बहावा यांनी प्रतिजनांची बाजू नीट मांडली आहे. उरलेले अर्धे उत्तर प्रतिकारपेशींच्या अवस्थेत आहे, आणि माझ्या मते मायलोमात तीच बाजू अधिक निर्णायक ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा आजाराच्या आधीच्या टप्प्यात मिळतो. एमजीयूएस नावाच्या अवस्थेत रक्तातील एम-प्रथिन प्रति डेसिलिटर ३ ग्रॅमपेक्षा कमी आणि अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी असतात, आणि आजाराची कोणतीही लक्षणे नसतात. पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत ही अवस्था आढळते, तरी दरवर्षी त्यांच्यापैकी साधारण १ टक्का व्यक्तींतच तिचे रूपांतर मायलोमात किंवा तत्सम विकारात होते. गंमत अशी की मायलोमातील पुष्कळसे जनुकीय बदल एमजीयूएसच्या पेशींतही आधीच झालेले असतात. मग त्या पेशी वर्षानुवर्षे शांत का राहतात? मानवी रक्तपेशींना पोषक असे बदल केलेल्या उंदरांत या पेशी घातल्या, तेव्हा एमजीयूएसच्या पेशीही वाढू लागल्याचे २०१६ सालच्या संशोधनात दिसले. याचा अर्थ, मूळ शरीरात त्यांना बाहेरून काहीतरी आवरून धरत असावे. सॉक्स२ या प्रथिनाविरुद्ध काम करणाऱ्या टी पेशी एमजीयूएस असलेल्या अनेकांत सापडतात आणि मायलोमाच्या रुग्णांत सहसा सापडत नाहीत, हे निरीक्षणही त्याच दिशेने जाते. सॉक्स२ प्रामुख्याने त्या वंशावळीतील मूळपेशीसदृश पेशींत असते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पहारा योग्य जागी होता आणि पुढे तो ढिला पडला, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

तो ढिला कसा पडतो, याला एकच कारण देता येत नाही. मायलोमाच्या पेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या स्ट्रोमल पेशी मिळून अस्थिमज्जेतील वातावरण पालटून टाकतात. स्ट्रोमल पेशींकडून येणारे इंटरल्युकिन-६ हे संकेत-प्रथिन मायलोमाला वाढवते आणि डेंड्रायटिक पेशींची परिपक्वता रोखते, त्यामुळे टी पेशींपुढे प्रतिजन नीट मांडलेच जात नाही. टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-१० ही संकेत-प्रथिने टी पेशींना दडपतात. मायलॉइड वंशातील दमनकारी पेशी वाढतात. हाडे झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी एप्रिल हे प्रथिन पुरवून मायलोमाला जगवतात, आणि टी पेशींना रोखण्यातही त्यांचा वाटा असतो; म्हणजे हाडांची हानी आणि प्रतिकाराचा ऱ्हास या दोन वेगळ्या घटना मानता येत नाहीत. एनके पेशींच्या बाबतीत तर मायलोमाची चाल फारच धूर्त आहे. तणावाखालील पेशीच्या पृष्ठभागावर मिका नावाचा रेणू येतो आणि एनके पेशी एनकेजी२डी या ग्राहकाने तो ओळखते. पुढच्या टप्प्यातील मायलोमा हा रेणू पृष्ठभागावरून कापून रक्तात सोडतो. त्यामुळे पेशीवरची खूण नाहीशी होते आणि सुटे मिका एनके पेशींचे ग्राहकही निकामी करते.

आता पीडी-१ विषयी. त्या औषधांचा उपयोग व्हायचा तर ट्यूमरला ओळखणाऱ्या आणि केवळ थकलेल्या टी पेशी मुबलक असाव्या लागतात. मायलोमाच्या रुग्णांत अनेक मारक (सायटोटॉक्सिक) टी पेशी थकलेल्या नसून वार्धक्याच्या अवस्थेत गेलेल्या आढळतात: त्यांच्यावर सीडी५७ ही वार्धक्याची खूण असते, सीडी२८ हा उत्तेजनाचा रेणू हरवलेला असतो आणि पीडी-१ फारसे नसतेच. जो ब्रेक लागलेलाच नाही तो सोडून काय मिळणार? केवळ निवोलुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध दिलेल्या सुरुवातीच्या चाचणीत ठोस प्रतिसाद जवळजवळ मिळाला नाही. त्यानंतर त्याच गटातील पेम्ब्रोलिझुमॅबची जोड लेनालिडोमाइड किंवा पोमालिडोमाइड या मायलोमाच्या औषधांना देऊन पाहिली गेली. परंतु त्या गटांत मृत्यू अधिक झाल्याचे दिसल्यावर २०१७ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या चाचण्या थांबवल्या. ही औषधे आपल्याला वापरात दिसत नाहीत, ती यामुळे.

याउलट लेनालिडोमाइड स्वतःच प्रतिकारपेशींना उभारी देते. ते सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटून इकॅरॉस आणि आयोलॉस या प्रथिनांचा नाश घडवते. त्यांच्यावाचून मायलोमाची पेशी तगत नाही, आणि टी पेशी मात्र इंटरल्युकिन-२ अधिक सोडू लागते. एकाच आघातात शत्रू खचावा आणि पहारेकरी सावध व्हावा, असे दुसरे औषध सहसा सापडणार नाही. डाराटुमुमॅब हे प्रतिपिंड-औषधही केवळ सीडी३८ असलेल्या मायलोमा पेशींना मारून थांबत नाही; सीडी३८ धारण करणाऱ्या काही दमनकारी पेशीही त्याने घटतात. त्याच वेळी एनके पेशींवरही सीडी३८ असल्याने त्यांची संख्याही कमी होते, ही त्याची दुसरी बाजू.

सांजवात:

दोघांचेही मनापासून आभार. एमजीयूएसच्या उंदरांतील प्रयोगाची माहिती मला पूर्णपणे नवी होती.

एक उपप्रश्न उरतो. बीसीएमए निरोगी पेशींवरही असते आणि रुग्णाच्या टी पेशी अशा जीर्ण झालेल्या असतात, तर बीसीएमएविरुद्धच्या कार-टी पेशी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून घडवलेल्या) इतक्या प्रभावी कशा ठरतात, आणि एवढा चांगला प्रतिसाद मिळूनही पुष्कळ रुग्णांत आजार परत का येतो? बहिणीच्या डॉक्टरांनी पुढच्या टप्प्यासाठी बीसीएमएवरील उपचाराचा उल्लेख केला आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ शास्त्रीय राहिलेला नाही.

ध्रुवतारा:

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. आपल्या बहिणीच्या उपचारांचा निर्णय तिच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, पण त्यामागची तत्त्वे अवश्य सांगतो.

कार-टी पेशीत कृत्रिम ग्राहक बसवलेला असतो. तो पृष्ठभागावरचे बीसीएमए थेट पकडतो. त्याला एचएलए रेणूंची मांडणी लागत नाही, डेंड्रायटिक पेशींची शिकवण लागत नाही आणि स्वकीयांविषयीची सहनशीलताही आडवी येत नाही. वर बहावा आणि निर्झर यांनी वर्णन केलेले बरेचसे अडथळे असे वळसा घालून टाळले जातात. टेक्लिस्टामॅबसारखी द्विविशिष्ट प्रतिपिंडे हेच काम वेगळ्या रीतीने करतात: त्यांचे एक टोक मायलोमाच्या बीसीएमएला आणि दुसरे टी पेशीच्या सीडी३ या रेणूला धरते, त्यामुळे ती टी पेशी मुळात कशाला ओळखण्यासाठी घडली होती हा प्रश्नच उरत नाही. अनेक उपचार हरलेल्या रुग्णांत इडे-सेल या कार-टी उपचाराच्या प्रमुख चाचणीत १२८ पैकी ७३ टक्के, सिल्टा-सेल या दुसऱ्या कार-टी उपचाराच्या चाचणीत ९७ पैकी सुमारे ९७ टक्के आणि टेक्लिस्टामॅबच्या चाचणीत १६५ पैकी ६३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. या तीन चाचण्यांतील रुग्ण सारखे नव्हते, म्हणून आकडे एकमेकांशेजारी ठेवून स्पर्धा लावू नये. परंतु दहा वर्षांपूर्वी अशा रुग्णांना आमच्याकडे देण्यासारखे फार थोडे होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

निरोगी पेशींवरही बीसीएमए असण्याची किंमत नक्कीच मोजावी लागते. निरोगी प्लाझ्मा पेशीही मारल्या जातात, प्रतिपिंडांची पातळी कोसळते आणि जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्महिने राहतो. शरीर त्यावाचून तगून राहते, कारण बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देता येते. हृदयाच्या किंवा यकृताच्या पेशींवर बीसीएमए असते तर हा उपचार अशक्य झाला असता. चांगले लक्ष्य म्हणजे केवळ ट्यूमरवर असणारे प्रतिजन, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ज्याच्या निरोगी धारक पेशींशिवाय काही काळ निभावता येईल असे प्रतिजन पुरते. जीपीआरसी५डी केसांच्या मुळांसारख्या कठीण केराटिनच्या ऊतींतही असते, म्हणून त्याच्यावर रोखलेले टाल्क्वेटामॅब घेणाऱ्यांची चव जाते, त्वचा सोलवटते आणि नखे खराब होतात. हे त्रासदायक असते, वजनही घटते, पण बहुधा जिवावर बेतत नाही.

आजार परतण्याची कारणे दोन बाजूंची आहेत. मायलोमाच्या बाजूने पाहता, गॅमा-सिक्रिटेज हे विकर बीसीएमए पृष्ठभागावरून कापून रक्तात सोडते. त्यामुळे लक्ष्य विरळ होते आणि सुटे बीसीएमए औषधाला अडवते. काही रुग्णांत बीसीएमएच्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा होतात, किंवा औषध जेथे चिकटते नेमक्या त्याच जागी उत्परिवर्तन होते. असे लक्ष्य गमावणे कार-टीनंतर तुलनेने कमी आणि द्विविशिष्ट प्रतिपिंडांच्या दीर्घ दडपणाखाली अधिक दिसते. जीपीआरसी५डीवरील उपचारांनंतर तर लक्ष्य नाहीसे होणे ही नेहमीची वाट आहे. टी पेशींच्या बाजूने पाहता, कार-टी पेशी रुग्णाच्याच रक्तातून घडवल्या जातात, त्यामुळे आधीच्या उपचारांनी आणि आजाराने जीर्ण झालेला माल कारखान्यात गेला तर बाहेर पडणाऱ्या पेशीही अल्पायुषी निघतात. याच विचाराने हे उपचार आजाराच्या आधीच्या टप्प्यांत आणले जात आहेत. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये सिल्टा-सेलला आधीच्या एका उपचारानंतर आणि इडे-सेलला दोन उपचारांनंतर मान्यता मिळाली. द्विविशिष्ट प्रतिपिंडांचा सततचा मारा टी पेशींना थकवतो, म्हणून प्रतिसाद स्थिरावल्यावर दोन मात्रांमधील अंतर वाढवले जाते.

याच कारणास्तव उपचारांच्या क्रमाला महत्त्व आहे, आणि बहिणीच्या डॉक्टरांशी बोलताना आपण तोच विषय काढावा असे सुचवतो. कार-टीचा पर्याय विचारात असेल तर टी पेशी कधी गोळा करणार आणि त्याआधी कोणती औषधे टाळणार, हे विचारावे. बीसीएमएवरील एक उपचार अपयशी ठरल्यास पुढे त्याच लक्ष्यावर जाणार की लक्ष्य बदलणार, आणि त्या वेळी पेशींवर बीसीएमए उरले आहे का हे तपासता येईल का, हेही विचारावे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोणती औषधे, कोणत्या लशी आणि इम्युनोग्लोब्युलिन केव्हा, याची योजना उपचारापूर्वीच लिहून घ्यावी. सिल्टा-सेलनंतर काही थोड्या रुग्णांत हालचाली मंदावणे, अक्षर बारीक होणे, चेहऱ्यावरचे भाव हरवणे असे पार्किन्सनसारखे त्रास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसले आहेत. ते घरच्या माणसांच्याच लक्षात आधी येतात, म्हणून आपल्याला ते माहीत असावेत.

बहावा:

ध्रुवतारा यांच्या उत्तराला एक व्यावहारिक जोड देतो. बहिणीला डाराटुमुमॅब चालू असेल किंवा नुकतेच दिले असेल, तर रक्तपेढीला ते आवर्जून कळवावे. लाल पेशींवरही थोडे सीडी३८ असते आणि हे औषध त्याला चिकटल्यामुळे रक्त जुळवण्याची चाचणी खोटी सकारात्मक येते. उपचार सुरू होण्यापूर्वीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवली तर ऐनवेळी रक्त मिळण्यात विलंब होत नाही. तसेच हे औषध स्वतः आयजीजी-कॅपा जातीचे प्रतिपिंड असल्याने रक्तातील प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत त्याची बारीक रेघ उमटू शकते. बहिणीचे एम-प्रथिन त्याच जातीचे असेल, तर उरलेली अंधुक रेघ आजाराची आहे की औषधाची हे वेगळे करणारी तपासणी उपलब्ध आहे का, याची प्रयोगशाळेकडे चौकशी करावी.

सांजवात:

बहिणीचे एम-प्रथिन आयजीजी-कॅपाच आहे आणि डाराटुमुमॅब गेल्या वर्षीपासून चालू आहे. मागच्या अहवालातील अंधुक रेघेमुळे आम्ही सारे धास्तावलो होतो. रक्तपेढीला अद्याप काहीच कळवलेले नाही. ते उद्याच करते, आणि टी पेशी गोळा करण्याच्या वेळेचा प्रश्न पुढच्या भेटीसाठी लिहून घेतला आहे.